तारेवरची कुसुम

सरपंच उद्धवरावांच्या अंगणात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, ज्वारी घरात आली होती, माणसांना वेळ होता. पण माणसं वेळ घालवायला आली नव्हती, भिऊन आली होती. बाया पदराआडून बघत होत्या. पोरांना आत येऊ दिलं नव्हतं.

ओसरीवर स्टुलावर सरपंचांचा फोन ठेवलेला. त्याला हळदकुंकू लावलेलं, भोवती लिंबं मांडलेली. समोर काळं घोंगडं पांघरून डोमाजी महाराज बसला होता. बेज्जूरच्या जंगलात बारा वर्षं तप केलं, असं तो सांगायचा. बेज्जूरला जाऊन विचारून आलेला गावात कोणी नव्हता.

"वायर म्हंजे काय?" तो म्हणाला. "तांब्याची नाडी! भूत मातीत अडते, पान्यात अडते, तांब्यात अडत नाई. सरकारनं बापा तुमच्या घरोघरी नाडी आनून देल्ली. आता त्या नाडीतून कोन चालते, सरकारले काय मालूम?"

कोणी हसलं नाही. महाराजाने डोळे मिटले, काठी उचलली.

"आली... शिवेवर आली... उद्धवराव, तुमच्या दारात आली!"

आणि फोन वाजला. एकदाच, आखूड. लगेच शेजारी माणिकरावांच्या घरातून तसाच आवाज आला. मग त्याच्या पुढच्या घरातून, मग वळणावरच्या. घंटा गल्लीतून एकेक घर घेत चालली होती, आणि गाव माना वळवून तिच्या मागोमाग ऐकत होतं. आठ घरं झाली. नवव्या घरी, गल्लीच्या टोकाला, ती थांबली आणि तिथेच वाजत राहिली. थांबायची, पुन्हा वाजायची.

ते घर मालनबाईचं होतं.

मालनबाई गर्दीत मागे उभी होती. तिच्या आजूबाजूच्या बाया हळूच सरकल्या. बघता बघता तिच्याभोवती रिकामी जागा झाली, आणि त्या रिकाम्या जागेत ती एकटी उभी राहिली.

सावरधरी हे पैनगंगेच्या अलीकडचं गाव. पलीकडे महाराष्ट्र. त्या साली थंडीत गावात टेलिफोन आले होते. ग्रामपंचायतीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत एक कपाटाएवढं यंत्र बसवलं, खोलीला कुलूप लावलं, आणि आठ घरांत फोन दिले. नववा, गावकऱ्यांसाठीचा, मालनबाईच्या ओट्यावर. तिचा नवरा नागोराव दोन वर्षांपूर्वी तापाने गेला होता. मूलबाळ नव्हतं. सहावी शिकलेली बाई, आकडे वाचता यायचे, म्हणून उद्धवरावांनीच दरख्वास्त लिहून तिला तो फोन मिळवून दिला. तिच्या फोनला एक मीटरची डबी जोडली होती. बोलणं किती झालं ते तिच्यावर दिसायचं. बेल्लमपल्लीच्या खाणीत गेलेल्या पोरांशी आया तिच्या ओट्यावरून बोलत. मालनबाईचं बरं चाललं होतं.

मग एका दुपारी, उद्धवरावांची बायको जयवंताबाई हिने वाजलेला फोन उचलला. पलीकडे कोणी बोललं नाही. आधी शांत, मग बारीक आवाज निघाला, चढत गेला, उतरला, पुन्हा चढला. बाई रडते तसा. जयवंताबाईने फोन टाकला आणि ती ओरडली, "कुसुम!"

कुसुम तिची धाकटी जाऊ. मागच्या पावसाळ्यात बाळंतपणात अडली. बैलगाडीतून नेताना वाटेतच गेली, पोटातल्या लेकरासकट. तेव्हा गावात फोन नव्हता. आता फोन आला आणि कुसुम त्याच्यातून रडायला लागली, असं गावाने मनाशी धरलं. दुसऱ्या दिवशी माणिकरावांनी उचलला, तेच. मग लोक उचलेनात. आठवडाभराने डोमाजी महाराज आला. सरपंचांच्या ओसरीवर दोन दिवस नुसता पडून राहिला. जेवायचा आणि ऐकायचा. तिसऱ्या दिवशी बोलायला लागला.

त्या दुपारी घंटा मालनबाईच्या घरी थांबल्यावर तो म्हणाला, "कुसुम तं बिचारी मेली. तिले बोलवून कोन राह्यलं? जिच्या घरी जाऊन थांबते, तिनं बोलावली. भानामती हाये हे."

जयवंताबाई मालनबाईकडे बघत होती. दोघी एका विहिरीवर धुणं धुणाऱ्या, एका ताटात खाल्लेल्या. तिने नजर खाली घातली.

मग महाराजाने घरोघरी बंधन घातलं. बंधन म्हणजे काय? फोनचं बोलायचं बोंडकं काढून बाजूला ठेवायचं, त्याला काळा गंडा गुंडाळायचा, गाठीवर बिब्बा. एकेका घरातून कोंबडा, लुगडं, कोणाकडून चांदीचं कडं. "गंडा तोडला तं रक्त ओकसान," त्याने बजावलं. मालनबाईने हात जोडून विनवलं, "माह्याबी घरी बांधा ना, महाराज." तो म्हणाला, "ज्या घरून निंगते, तिथं काय बांधू?"

दुसऱ्या दुपारी आठ घरांत घंटा वाजली नाही. बंधन लागलं! पण काळ्या गंड्यातून, आठही घरांत एकामागोमाग, तो रडण्याचा आवाज आला. "बांधली म्हणून रडते," महाराज म्हणाला. आणि गल्लीच्या टोकाला मालनबाईचा फोन तेवढा वाजत राहिला.

आता गावाला आणखी काय पुरावा पाहिजे होता?

मालनबाईच्या ओट्यावर येणं बंद झालं. पाण्याला गेली की विहीर रिकामी व्हायची. एकदा पाठीत ढेकूळ बसलं. तिने वळून पाहिलं नाही. रोज दोन वाजत आले की तिच्या हातापायाला घाम सुटायचा. घंटा सुरू झाली की ती चुलीमागे जाऊन बसायची, कानात बोटं घालून.

सगळ्यात जास्त भीती तिला लोकांची नव्हती. कुसुमच्या ओटीभरणाला ती स्वयंपाकाच्या मदतीला गेली होती. कुसुमचं भरलेलं पोट पाहून तिच्या मनात एकदा कळ उठली होती, माह्या नशिबी काऊन नाई? एवढंच. पण आता चुलीमागे बसून तिला वाटायचं, त्या कळेनंच केलं असंल का? आपल्यातच काही असंल आणि आपल्यालेच मालूम नसंल, असं होते का? तिने आरशात बघायचं सोडलं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी जयवंताबाई मागच्या दाराने आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मालन, उद्या घेऊन जातीन तुले. केस कापतीन. दात..." तिने मागे वळून गल्लीकडे पाहिलं. "महाराज म्हंते, समोरचे दोन दात पाडले का मंतर म्हनता येत नाई. मंग नदीपार सोडतीन. तू आजच निंगून जाय."

"कोठी जाऊ?"

"तूच करून राह्यली का वं हे?" जयवंताबाईने एकदम विचारलं. "खरं सांग. मी कोनाले सांगत नाई."

"मले मालूम नाई, बाई," मालनबाई म्हणाली. ते खरंच होतं.

ती गेल्यावर मालनबाईला एकच सुचलं. हा फोनच घरातून गेला पाहिजे. फोनशेजारी कार्ड चिकटवलेलं होतं, तक्रारीचा नंबर आदिलाबादचा. तिने तो फिरवला.

"हॅलो, टेलिफोन ऑफिस," बाईचा आवाज आला.

"सावरधरीहून बोलून राह्यली. आमचा फोन घेऊन जा, बाई."

"बंद पडलाय का?"

"नाई. लय चालू हाये."

पलीकडची बाई हसली नाही. तिचं नाव चारुशीला. ज्युनियर इंजिनिअर. आदिलाबादेत तीन पिढ्यांपासून राहिलेल्या मराठी घरातली. तिने एकेक प्रश्न विचारला आणि मालनबाईने रडत रडत सगळं सांगितलं.

"ओळीनं वाजतो? रोज त्याच ओळीनं? आणि तुमच्याकडे येऊन अडकतो?"

"हाव."

"आमचं यंत्र फोन तपासतं, पण ते रात्री दोनला. दुपारी नाही." तिने कागद चाळले. मग म्हणाली, "तुमच्या गावचा रिपोर्ट महिनाभर रोज 'अपूर्ण' येतोय. मी उद्या सकाळी येते. दार लावून बसा. आणि हे बघा, फोन तोडू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने चारुशीला आली. तिशीची, सुती साडी, खांद्याला पिशवी. सोबत लाइनमन चंपत. मालनबाईला ती आपल्यासोबतच पत्र्याच्या खोलीत घेऊन गेली आणि आतून कडी लावली. यंत्राशेजारी एक लहान कॉम्प्युटर होता, त्याला छापायचं मशीन. चारुशीला त्याच्यासमोर बसून बोटं चालवू लागली.

"काय करून राह्यल्या, बाई?"

"महिन्याभरापूर्वी आम्ही चालू केलेला हा प्रोग्राम रोज एकेका फोनला घंटा देऊन विचारतो, बरा आहेस ना? फोनकडून उत्तर येतं. मग पुढचा फोन. पण शेवटी आम्हाला कळवतो एकच ओळ, सगळं ठीक किंवा तपासणी अपूर्ण. मधलं बोलणं टाकून देतो. कोणाला काय विचारलं, कोणी काय उत्तर दिलं, काही ठेवत नाही. मी आता त्याला सांगतेय, टाकू नकोस. शब्दन् शब्द छापून दे. वेळेसकट."

बाहेर माणसं जमायला लागली होती. आवाज येत होते, "आत बसली हाये!" "काढा बाहीर!" पत्र्यावर एक दगड आदळला. मग दुसरा. चंपत खिडकीतून बघून म्हणाला, "म्याडम, जाऊ आपन. पोलिसांना घेऊन येऊ."

"आपण गेलो तर हिचं काय राहील?" चारुशीला म्हणाली. पण तिचाही हात थरथरत होता. चुकलेलं अक्षर खोडून तिने पुन्हा टाइप केलं. ते पाहून मालनबाईला का कोण जाणे धीर आला. शिकलेल्या बाईलाही भीती वाटत होती, आणि तरी तिचं काम थांबलं नव्हतं.

दोन वाजले. थोडे वर गेले. आणि छापायचं मशीन करकरायला लागलं.

मालनबाई भिंतीला चिकटली. चारुशीला कागद सरकेल तसा वाचत गेली. "पहिला फोन, उद्धवराव. उत्तर, रिसीव्हर उचललेला आहे. म्हणून घंटा नाही. उचललेला फोन खाली ठेवा म्हणून इशाऱ्याचा आवाज पाठवला." ती थांबली. "मालनबाई, तो आवाज चढतो-उतरतो. हेच तुमचं रडणं."

"पन आधी तं बोंडकं बांधेल नव्हतं. तेव्हाबी रडली."

"तपासणी चालू असताना कोणी घाईने उचललं की यंत्राला तेच कळतं, उचललेला आहे. मग तोच आवाज."

दुसरा फोन, तिसरा, आठवा. तेच. मग नववा.

"घंटा दिली. उत्तर कळलं नाही. पुन्हा घंटा. उत्तर कळलं नाही. पुन्हा..." बाहेरून, गल्लीच्या टोकाकडून, मालनबाईच्या घरची घंटा ऐकू येत होती. एक घंटा, कागदावर एक ओळ. एक घंटा, एक ओळ. "तुमच्या फोनला मीटरची डबी आहे. ती वेगळं उत्तर देते. या प्रोग्रामला ती डबी कोणी शिकवलीच नाही. म्हणून तो पुन्हा पुन्हा तेच विचारतो, अन् दमला की 'अपूर्ण' लिहून गप्प बसतो."

मालनबाई कागदाजवळ आली. तिने आकड्यांवर बोट ठेवलं. "बाई, ह्या ओळीवर दोन वाजून दहा मिनिटं हायेत ना?"

"हो. रात्रीचे दो..." चारुशीलाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग खिडकीतलं ऊन पाहिलं. "अरे देवा. यंत्राच्या घड्याळात दिवसाची रात्र आहे! बसवणाऱ्याने वेळच उलटी लावली. म्हणून आम्ही तिकडे म्हणत होतो, दुपारी काही वाजतच नाही."

दारावर धडका बसायला लागल्या. चारुशीलाने कागद फाडून हातात घेतला आणि कडी काढली. समोर डोमाजी महाराज, त्याच्यामागे गाव. कोणाच्या तरी हातात कात्री होती. सांडशीही होती. मालनबाईने चौकट धरली.

चारुशीलाने कागद वर धरून सगळं सांगितलं. लोक ऐकत होते, पण महाराज हसला. "पाह्यलं? आता कागदातूनबी बोलून राह्यली. ह्या म्याडमलेबी धरलं तिनं!"

गर्दी पुढे सरकली.

"सरपंचसाहेब!" चारुशीला जोराने म्हणाली. "कागदावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरही नको. तुम्ही एकटे आत या. तुमच्या घरी घंटा किती वेळा आणि कशी वाजवायची, ते मनात धरा. महाराजांना सांगू नका, मालनबाईला सांगू नका. मला फक्त आत कानात सांगा. तसं वाजलं तर हा उद्योग कुसुमचा नाही, या यंत्राचा आहे. चालेल?"

उद्धवराव घुटमळले. भले गृहस्थ, पण महिनाभर भीतीने झोपले नव्हते. "चालंल," ते म्हणाले.

"पण फोन जागेवर ठेवलेला पाहिजे. तुमच्या घरचा गंडा तोडावा लागेल."

कोणी हललं नाही. रक्त ओकायची सगळ्यांना भीती. उद्धवरावही खाली बघायला लागले. त्यांच्याच घरचा गंडा तोडा म्हणायची त्यांची हिंमत होईना.

"मी तोडते," मालनबाई म्हणाली.

तिचं तिलाच कळलं नाही ते कसं निघालं. कदाचित ती फार भ्याली होती म्हणूनच. दात पाडून घेण्यापेक्षा रक्त ओकून मरणं तिला बरं वाटलं असेल. लोकांनी वाट दिली. ती चालत उद्धवरावांच्या ओसरीवर गेली; गाव मागोमाग, अंतर ठेवून. महाराज ओरडत होता, "हात लावू नको! पस्तावसान!" जयवंताबाई दारात उभी होती, तोंडावर पदर दाबून.

गंडा घट्ट होता. मालनबाईने तो दातांनी तोडला. बिब्ब्याची चव जिभेला लागली. ती थांबली. पोटातून काही वर येतं का, वाट पाहिली. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. काही आलं नाही. तिने बोंडकं जागेवर ठेवलं आणि फोनसमोर खाली बसली.

बराच वेळ काहीच झालं नाही. पत्र्याच्या खोलीत उद्धवराव चारुशीलाच्या कानाशी काय बोलले ते इथे कोणाला माहीत नव्हतं. महाराज म्हणाला, "वाजत नाई! म्या सांगतलं..."

फोन वाजला. थांबला. वाजला. थांबला. पुन्हा वाजला. मग पाच मोजावेत एवढा वेळ गप्प, आणि शेवटी एकदा.

खोलीकडून उद्धवराव धावत आले, धोतराचा सोगा हातात. "किती? किती वाजला?"

"तीन, अन् थांबून एक," माणिकराव म्हणाले.

उद्धवरावांच्या चेहऱ्याकडे पाहूनच गावाला कळलं. ते मटकन पायरीवर बसले. "म्याच सांगतलं होतं," ते म्हणाले. "म्याच."

मागून चारुशीला आली. "आता फोन उचला कोणीतरी. चंपत तिकडे तो आवाज पाठवतोय."

मालनबाईने उचलला. बारीक आवाज चढत निघाला, उतरला, चढला. तिने खाली ठेवला. गप्प. जयवंताबाई पुढे आली आणि तिच्या हातातून बोंडकं घेतलं. कानाला लावलं, रडणं. ठेवलं, गप्प. उचललं, रडणं. ठेवलं, गप्प. तिने असं कितीदा केलं ते कोणी थांबवलं नाही.

"ही कुसुम नाई," ती शेवटी म्हणाली. "कुसुम अशी रडत नव्हती. ती गाडीत रडलीच नाई. दात दाबून होती माय माही." आणि महिनाभर फोनमधलं रडणं ऐकून भिणारी ती बाई पहिल्यांदा जावेसाठी खरी रडली. मालनबाईने तिला धरलं नाही. तिचे हात वर झाले होते, पण ते परत मांडीवर आले.

डोमाजी महाराज तोवर अंगणाच्या टोकाला पोचला होता. खोलीतून परत आलेल्या चंपतने त्याला अडवलं. "महाराज, वाजायच्या आधी सांगत होता ना? मग उद्या कोठी वाजंल, आजच सांगून जा." महाराजाला ते सांगता येईना. दोन दिवस ओसरीवर पडून त्याने ऐकली ती वेळ आणि ती घरांची ओळ, एवढीच त्याची विद्या. कोंबडे खाऊन झाले होते. लुगडी आणि चांदीचं कडं लोकांनी त्याच्या गाठोड्यातून काढून घेतलं, आणि संध्याकाळच्या बसने तो पोलीस पाटलासोबत भीमपूरच्या ठाण्यावर गेला.

चारुशीलाने यंत्राचं घड्याळ दुरुस्त केलं, डबीचं उत्तर प्रोग्रामला शिकवलं. निघताना मालनबाई तिला म्हणाली, "बाई, ते छापनं बंद नका करू."

"आता गरज नाही. दोष सापडला."

"असू द्या. उद्या आनखी काई झालं तं मी काय दाखवू?"

चारुशीलाने ते चालू ठेवलं, आणि आदिलाबादला जाऊन बाकीच्या गावांतही तसंच लिहून घ्यायला लावलं.

मालनबाईच्या ओट्यावर लोक परत यायला लागले. उद्धवरावांनी पंचायतीत उभं राहून माफी मागितली. तिने ऐकून घेतली. पण घंटा वाजली की पुढचे कितीतरी महिने तिच्या तळहाताला घाम सुटायचा. दोष कळला म्हणून भीती अंगातून लगेच निघत नाही, आणि सांडशी घेऊन आलेले चेहरे तर रोज समोरच होते.

भीती वाटणं हा कोणाचाच गुन्हा नाही. सावरधरीत सगळ्यांना वाटली, ती घालवायला आलेल्या बाईलाही वाटली. गुन्हा झाला तो पुढे. काय ऐकलं, केव्हा ऐकलं, कितीदा ऐकलं, कोणी पडताळून पाहिलं का, एवढं विचारायच्या आधी गावाने नाव ठरवलं. यंत्राचा दोष शोधायचा तर त्याच्याशी झालेलं बोलणं आधी लिहून काढावं लागतं, मग ओळ ओळ वाचावी लागते. माणसावर दोष ठेवताना आपण तेवढीही मेहनत घेणार नसू, तर सांडशी आज मालनबाईच्या दारात येईल आणि उद्या आपल्या. म्हणून विचारा. भ्यालात तरी विचारा. उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारा, आणि ते कळेपर्यंत कोणाच्या अंगाला हात लावू नका.